ग्वानाह्वातोला फिरायला किंवा राहायला येताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे-मुंबई-नाशिकहून, ह्यूस्टन आणि बे एरियातून, अलीकडे सिलाओच्या कारखान्यांत बदली झालेल्या चाकणच्या मंडळींकडूनही तेच ते प्रश्न येत राहतात. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. क्रम साध्याकडून अडचणीच्या प्रश्नांकडे जाणारा आहे. एकाच गोष्टीची दोनदा उजळणी नको म्हणून मध्ये मध्ये 'अमुक प्रश्न पाहा' असं म्हटलंय. घाईत असाल तर किमान ६, ७ आणि १२ वाचाच.

१. ग्वानाह्वातो हे शहर आहे की राज्य? आणि ते नेमकं कुठे आहे?

दोन्ही. राज्याचं नाव ग्वानाह्वातो आणि राजधानीचंही तेच. गंमत अशी की राजधानी हे राज्यातलं सर्वांत मोठं शहर नाही. तो मान लेओनचा. २०२० च्या जनगणनेत ग्वानाह्वातो नगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या १ लाख ९४ हजारांच्या आसपास होती, तीही आजूबाजूची गावं धरून. मेक्सिको सिटीपासून वायव्येला साधारण ३६० किलोमीटर, समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटर उंचीवर, एका अरुंद दरीत हे शहर वसलंय. इथे लोक आले ते चांदीसाठी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इथली व्हालेन्सियाना खाण जगातल्या सर्वांत श्रीमंत खाणींपैकी एक होती. १९८८ पासून शहर आणि लगतच्या खाणी जागतिक वारसा यादीत आहेत. बदलीच्या पत्रात नुसतं 'ग्वानाह्वातो' लिहिलं असेल तर कामाची जागा राज्यात आहे की शहरात, हे आधी विचारून घ्या. बहुतेक कारखाने सिलाओ, सालामान्का, सेलाया या पट्ट्यात आहेत.

२. भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा व्हिसा लागतो का?

लागतो, पण अनेकांना त्यातून सूट मिळते. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन देशांपैकी कुठलाही चालू मुदतीचा व्हिसा पासपोर्टवर असेल, तर पर्यटनासाठी वेगळा मेक्सिकन व्हिसा लागत नाही. त्या देशांतल्या कायम रहिवाशांनाही, म्हणजे ग्रीन कार्डवाल्यांनाही, लागत नाही. चिली, कोलंबिया आणि पेरूच्या कायम रहिवाशांना हीच सूट आहे. यातलं काहीच नसेल तर मेक्सिकन दूतावासात अर्ज करावा लागतो. तिथे मुलाखतीची वेळ मिळायलाच बरेच दिवस जातात, त्यामुळे तिकीट नंतर काढा.

मुदत संपलेल्या अमेरिकन व्हिसाचं काय, हा वेगळा गुंता आहे. प्रश्न २२ पाहा.

३. सगळे म्हणतात १८० दिवस मिळतात. मिळतातच का?

१८० ही कमाल मर्यादा आहे. किती दिवस द्यायचे हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि शिक्क्यावर आकडा हाताने लिहितो. खिडकीवरून हलण्याआधी तो आकडा वाचा. परतीचं तिकीट आणि राहण्याच्या जागेचा पत्ता कागदावर छापून जवळ ठेवा, मोबाइल दाखवत बसू नका. तीन आठवड्यांच्या सहलीसाठी तीस दिवस मिळाले तर त्यात वावगं काही नाही. पण चार महिने राहायचं असेल तर ते तिथेच, पुरावा दाखवून, सांगायला हवं. हे दिवस नंतर देशात राहून वाढवून मिळत नाहीत.

४. भारतातून यायचा सोयीचा मार्ग कोणता?

थेट विमान नाही. युरोपातल्या एखाद्या मोठ्या विमानतळावरून किंवा इस्तंबूलवरून मेक्सिको सिटी हा नेहमीचा रस्ता. अमेरिकेतून येणार असाल तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो, हे शेवटच्या क्षणी कळणारे अजून भेटतात. युरोपातल्या काही देशांत विमान बदलण्यासाठीही ट्रान्झिट व्हिसा मागतात आणि ते नियम बदलत असतात. तिकीट काढण्याआधी त्या त्या देशाच्या दूतावासाचं संकेतस्थळ बघा, एजंटच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

५. मेक्सिको सिटीहून पुढे बस की विमान?

माझं मत बसच्या बाजूने आहे. उत्तरेकडच्या बस टर्मिनलवरून, म्हणजे तेर्मिनाल देल नोर्तेवरून, प्रिमेरा प्लुस आणि ए-ते-एने या कंपन्यांच्या गाड्या थेट ग्वानाह्वातोला येतात. साडेचार-पाच तास लागतात, आणि सीट आपल्या शिवनेरीपेक्षा ऐसपैस असतात. टर्मिनल मेट्रोच्या पाचव्या मार्गावर आहे. बसमध्ये एसी कडक असतो, स्वेटर वर काढून ठेवा.

विमानाने यायचं असेल तर विमानतळ सिलाओजवळ आहे, शहरापासून साधारण ३० किलोमीटर. तिथून शहरात यायला सोयीची सार्वजनिक बस नाही. विमानतळाच्या आतल्या खिडकीवर पैसे भरून टॅक्सी घ्यावी लागते. आणखी एक: मेक्सिको सिटीला आता दोन विमानतळ आहेत. तुमचं आंतरराष्ट्रीय विमान जुन्या विमानतळावर उतरून पुढचं देशांतर्गत विमान सान्ता लुसियाच्या नव्या विमानतळावरून असेल, तर मध्ये अख्खं महानगर ओलांडायचंय हे लक्षात घ्या.

६. बातम्या वाचून घरचे घाबरलेत. शहर सुरक्षित आहे का?

राज्याच्या बातम्या खऱ्या आहेत, त्या झाकण्यात अर्थ नाही. तेलवाहिन्यांतून होणारी इंधनचोरी आणि त्यावरून टोळ्यांची मारामारी, यामुळे हे राज्य बरीच वर्षं खुनांच्या आकड्यांत वरच्या क्रमांकावर राहिलंय. पण त्या हिंसाचाराचा जोर मुख्यतः दक्षिणेकडच्या औद्योगिक पट्ट्यात असतो: सेलाया, सालामान्का, इरापुआतो. अमेरिकी सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना ४५-डी महामार्ग आणि त्याच्या दक्षिणेला जाण्यावर निर्बंध घातले आहेत. राजधानी त्या रेषेच्या उत्तरेला येते. जुन्या गावात विद्यार्थी आणि कुटुंबं रात्री उशिरापर्यंत चौकात बसलेली दिसतात.

व्यवहारात पाळायचं ते इतकंच. शहराबाहेरचा प्रवास दिवसा करा आणि टोलच्या रस्त्याने करा. कामासाठी रोज सेलायाकडे जाणार असाल तर कंपनीची वाहतूक घ्या, स्वतःची गाडी नको. गर्दीत पाकीट पुढच्या खिशात. आपत्कालीन क्रमांक ९११.

७. राहायला कुठला भाग चांगला?

या प्रश्नाला मी नेहमी उलटा प्रश्न विचारतो: पायऱ्या किती चालतील? घर बघताना भाडं, फर्निचर, खिडकीतून दिसणारा देखावा हे सगळं नंतर. गाडी थांबते तिथपासून दारापर्यंत किती पायऱ्या, हे आधी मोजा. दरीच्या तळाशी एक मुख्य रस्ता आणि दोन्ही बाजूंना उतारावर चढत गेलेल्या गल्ल्या, ही शहराची रचना. या गल्ल्यांना काय्येखोन म्हणतात. त्यांत वाहन जात नाही. जाहिरातीत 'सेंत्रोपासून पाच मिनिटं' लिहिलेलं घर उतरताना पाच मिनिटांवर असतं. पिशव्या घेऊन चढताना तेच वीस मिनिटांचं होतं, आणि २,००० मीटरवर पहिले काही दिवस धापही लागते.

आता भाग. सेंत्रो, म्हणजे जुनं गाव: सगळं हाताशी, पण रात्री गाणी, पहाटे चर्चच्या घंटा आणि सणाच्या दिवशी फटाके. झोप हलकी असेल तर नकोच. पासेओ दे ला प्रेसा आणि पास्तिता: पूर्वेकडे, झाडं आहेत, शांत आहे, बसची सोय चांगली; कुटुंबासाठी माझी पहिली पसंती. व्हालेन्सियाना: वर डोंगरावर. गणितातल्या संशोधनाची सीमात ही संस्था तिथेच आहे, त्यामुळे तिथे येणारे बरेच जण आसपास खोली घेतात. हवा थंड, किराणा कमी. मार्फिल: दरी संपून जमीन जरा सपाट होते तिथे. सुपरमार्केट, पार्किंग, लिफ्टवाल्या इमारती, आणि सिलाओकडे जायचा रस्ता जवळ. कारखान्यात नोकरी असेल तर मार्फिलच घ्या, जुन्या गावाचा मोह शनिवार-रविवारपुरता ठेवा.

पहिले काही आठवडे तात्पुरती खोली घ्या आणि पायी फिरून दारांवरच्या 'से रेंता' पाट्या बघा. बरीच चांगली घरं इंटरनेटवर येतच नाहीत.

८. घरमालक जामीनदार मागतोय, तोही इथे स्वतःचं घर असलेला. आम्ही कुठून आणायचा?

याला इथे आव्हाल किंवा फियादोर म्हणतात आणि ही मागणी नेहमीचीच आहे. कंपनीमार्फत आला असाल तर करार कंपनीच्या नावावर करून घ्या, प्रश्न मिटतो. नाहीतर तीन वाटा असतात: एकाऐवजी दोन-तीन महिन्यांचं डिपॉझिट देणं, काही महिन्यांचं भाडं आगाऊ भरणं, किंवा पोलिसा हुरिदिका नावाची कायदेशीर हमी विकत घेणं. ज्या घरमालकीणबाई वरच्या मजल्यावर राहतात आणि खालचा मजला भाड्याने देतात, त्या बहुधा पासपोर्ट आणि नोकरीचं पत्र बघून तयार होतात. करार स्पॅनिशमध्येच असतो. सही करण्याआधी मीटरचं रीडिंग आणि भिंतींच्या ओलीचे फोटो काढून ठेवा.

९. गॅस, पाणी, वीज यांची व्यवस्था कशी असते?

वीज सरकारी से-एफे-ए कंपनीची. बिल दर दोन महिन्यांनी येतं आणि ओक्सो या कोपऱ्याकोपऱ्यावरच्या दुकानात भरता येतं. घरगुती दरात सरकारी सवलत असते. पण सलग जास्त वापर झाला की 'दाक' नावाच्या महागड्या दरात टाकतात आणि बिल एकदम चढतं. हिवाळ्यात विजेचे हीटर लावून बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

नळाचं पाणी नगरपालिकेच्या सिमापाग या यंत्रणेचं. ते गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि तिथून घरात येतं. पिण्यासाठी २० लिटरचा गार्राफोन, म्हणजे मोठा जार, विकत घेतात, स्थानिक लोकही. फळं-भाज्या धुवायला बाजारात भाज्यांच्या शेजारीच 'मिक्रोदीन'ची छोटी बाटली मिळते. पाण्यात काही थेंब टाकून पालेभाजी थोडा वेळ बुडवून ठेवायची. त्यातलं जंतुनाशक चांदीच आहे, हे या गावात शोभून दिसतं.

गॅसचा सिलिंडर ट्रकवरून येतो. काय्येखोनमध्ये ट्रक खालीच थांबतो आणि माणूस भरलेला सिलिंडर खांद्यावर घेऊन वर येतो. खांद्यावर गोणपाटाची घडी, एक हात सिलिंडरच्या कडीत, दुसरा भिंतीला टेकवत, प्रत्येक वळणावर क्षणभर थांबत. त्याला वरखर्चाचे पैसे न देणं म्हणजे कमालच झाली. गार्राफोनवाल्याचंही तेच. बाथरूमचं गरम पाणी गॅसच्या बॉयलरवर. त्याची पायलट ज्योत कशी पेटवायची हे घर ताब्यात घेतानाच शिकून घ्या.

१०. भारतातला मिक्सर, इस्त्री, चार्जर इथे चालतील का?

इथली वीज १२७ व्होल्टची, वारंवारता ६० हर्ट्झ, आणि पिना अमेरिकेसारख्या चपट्या. मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर १०० ते २४० व्होल्टचे असतात, त्यांना नुसता अडॅप्टर पुरतो. २३० व्होल्टचा मिक्सर, इस्त्री, इडलीचा इलेक्ट्रिक कुकर आणू नका. अमेरिकेतून येणाऱ्यांची उपकरणं सरळ चालतात. इडलीचं आणि डोशाचं पीठ इथल्या लिकुआदोरामध्ये, म्हणजे मिक्सरमध्ये, बऱ्यापैकी वाटलं जातं.

११. डाळ तास तासभर शिजत नाही. पाणी खराब आहे का?

दोष उंचीचा आहे. २,००० मीटरवर पाणी साधारण ९३ अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ आणि राजमा रडवतात. प्रेशर कुकर हवाच. इथे 'ओय्या एक्सप्रेस' नावाने मिळतो, पण शिट्टीचा हिशेब ज्यांच्या हाडात मुरलाय त्यांनी भारतातूनच आणावा, सोबत दोन जास्तीच्या रिंगा आणि सेफ्टी व्हॉल्व्ह. गॅसवर चालत असल्याने व्होल्टेजची भानगड नाही. चहाही इथे जरा जास्त वेळ उकळावा लागतो.

१२. मी पूर्ण शाकाहारी आहे. उपाशी राहीन का?

उपाशी राहणार नाही, पण नुसतं 'सिन कार्ने' म्हणून भागणार नाही. कार्ने म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यांपुढे गाय आणि डुक्कर येतात. कोंबडी, हॅम, मासे त्यात मोजलेच जातात असं नाही. खरी अडचण न दिसणाऱ्या गोष्टींची. वाटलेल्या घेवड्यात (फ्रिहोलेस रेफ्रितोस) डुकराची चरबी असते, तिला मांतेका म्हणतात. लाल भात आणि सूप बहुधा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. तामालच्या (मक्याच्या पिठाच्या वाफवलेल्या उंड्याच्या) पिठातही मांतेका असते, आत नुसतं चीज आणि मिरची असली तरी. मोलेच्या रश्शातही कोंबडीचं पाणी येतं. मैद्याच्या तोर्तियात (इथल्या पोळीत) चरबी असू शकते. मक्याच्या तोर्तियात मात्र मका, चुन्याची निवळी आणि पाणी एवढंच. म्हणून मक्याची तोर्तिया डोळे झाकून खा. ती तोर्तियेरियामध्ये किलोवर मिळते. गरम गठ्ठा बांधून आणायला घरून स्वच्छ फडकं न्यावं.

पाठ करायचं वाक्य: 'सिन कार्ने, सिन पोय्यो, सिन हामोन, सिन मांतेका, सिन काल्दो दे पोय्यो.' म्हणजे मांस, कोंबडी, हॅम, चरबी आणि कोंबडीचं पाणी, काहीच नको.

काय खावं? इथली खासियत एन्चिलादास मिनेरास, म्हणजे खाणकामगारांच्या एन्चिलादा: लाल मिरचीच्या वाटणात बुडवून परतलेली तोर्तिया, आत चीज, वर बटाटा-गाजराच्या फोडी. कोंबडी नको म्हणून सांगा आणि तेलात परतायला सांगा. केसादियामध्ये भोपळ्याची फुलं, मशरूम, वितलाकोचे (मक्यावरची काळी बुरशी, ऐकायला विचित्र पण चव उत्तम), निवडुंगाचे नोपाल. गाड्यावरचं कणीस मागताना मेयोनीज नको म्हणा, त्यात अंडं असतं. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान ठरावीक दराचं जेवण मिळतं, कोमिदा कोर्रिदा. तेच दिवसाचं मुख्य जेवण. रात्री आठला पोटभर जेवायची सवय असेल तर तिला मुरड घालावी लागते.

जैन जेवण बाहेर मिळणं जवळजवळ अशक्य. स्वयंपाकघर असलेली जागाच घ्या.

१३. किराणा काय मिळतो, भारतातून काय आणावं?

मिळतं ते: तांदूळ, अख्खा मसूर, काबुली चणे, घेवड्याचे डझनभर प्रकार, जिरं, लवंग, दालचिनी, चिंच, शेंगदाणे, तीळ, कोथिंबिरीच्या घसघशीत जुड्या. सेर्रानो मिरची आपल्या हिरव्या मिरचीच्या जवळ जाते. रंगाला ग्वाहियो आणि तिखटपणाला चिले दे आर्बोल, ही जोडी भाजून दळली की ब्याडगी-लवंगीचं काम भागतं. गुळाला पिलोन्सिय्यो. हामाइका म्हणजे लाल अंबाडीची सुकी बोंडं, सरबतासाठी. पेरू, पपई, चिकू, सीताफळाची भावंडं ही सगळी फळं मुळात याच बाजूची, त्यामुळे पहिल्या दिवसापासून ओळखीची वाटतात. १९१० साली बांधलेल्या मेर्कादो इदाल्गोच्या लोखंडी छताखाली बघायला जा. रोजची भाजी मात्र एम्बाहादोरासच्या मंडईत स्वस्त.

आणावं ते: हिंग, गोडा मसाला, तूरडाळ थोडी, सांबार मसाला, चहा पावडर. सगळं दुकानातलं, पाकीटबंद, लेबलवालं. बिया, ताजा कढीपत्ता, फळं, खवा-पेढे आणू नका, विमानतळावर काढून घेतात.

१४. पैसे कसे न्यावेत? इथे सगळं डॉलरमध्ये का लिहिलंय?

ते पेसो आहेत. पेसोचं चिन्ह डॉलरसारखंच असतं. मेनूवर १५० दिसलं तर ते दीडशे पेसो. रुपये इथे कुणी बदलून देत नाही. परदेशात चालणारं डेबिट कार्ड आणि बँकेच्या आतल्या बाजूचं एटीएम हे उत्तम. मशीन 'आम्ही रूपांतर करून देऊ का' असं विचारतं, तिथे नाही म्हणा. त्यांचा दर नेहमी वाईट. बाजार, बस, टॅक्सी, गाड्यांवर रोखच लागते. पाचशेची नोट सकाळी सकाळी कुणी मोडून देत नाही, ती ओक्सोमध्ये मोडा. हॉटेलात १० ते १५ टक्के टिप देतात.

१५. शहरात फिरायचं कसं? नकाशा सारखा चुकतोय.

चुकणारच, कारण शहराला दोन मजले आहेत. वाहनांचा बराच भाग जमिनीखालच्या बोगद्यांतून जातो. मुख्य भुयारी रस्ता म्हणजे पुराच्या भीतीने वळवलेल्या नदीचं जुनं पात्र. १९६० च्या दशकात तो गाड्यांना खुला झाला. बाकीचे बोगदे डोंगर फोडून केलेत. आत सिग्नल तुटतो, शिवाय तुम्ही वर आहात की खाली हे मोबाइलला कळत नाही. भुयारातच बसथांबे आहेत आणि तिथून पायऱ्या चढून थेट चौकात निघता येतं.

बसच्या काचेवर ठिकाणं रंगवलेली असतात: सेंत्रो, प्रेसा, मार्फिल, व्हालेन्सियाना, सेंत्राल (म्हणजे बाहेरगावच्या बसचं स्थानक, गावापासून दूर). सुट्टे पैसे ड्रायव्हरला द्यायचे. टॅक्सीला मीटर नाही, बसण्याआधी भाडं ठरवा. पायी हरवलात तर उतार धरून चालत राहा, दरीच्या तळाशी मुख्य रस्ता लागतोच.

स्वतःची गाडी? फक्त मार्फिलमध्ये राहणाऱ्यांनी. जुन्या गावात पार्किंग नाही आणि एक बोगदा चुकला की अख्खी फेरी मारून परत यावं लागतं.

१६. हवा कशी असते? कपडे काय आणू?

एप्रिल-मे सर्वांत गरम, तीसच्या आसपास. जून ते सप्टेंबर पाऊस, बहुधा दुपारनंतर तासभर धो धो आणि मग स्वच्छ. डिसेंबर-जानेवारीत दिवसा ऊन, रात्री पारा एक आकड्यात. घरं दगडी आणि त्यांना हीटिंग नाही, त्यामुळे घरात बाहेरपेक्षा जास्त गारठतं. जाड रजई इथेच घ्या. रबरी तळाचे, पकड असलेले बूट हवेतच. पावसात इथले दगडी रस्ते साबण लावल्यासारखे होतात.

१७. आजारी पडलो तर कुठे जायचं?

किरकोळ तक्रारीसाठी औषधाच्या दुकानाला लागूनच डॉक्टरची खोली असते. रांगेत बसा, नंबर आला की तपासतात, फी अगदी थोडी. अँटिबायोटिक्स २०१० पासून चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. नेहमीच्या गोळ्या आणताना औषधाचं मूळ नाव लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी आणा. भारतीय ब्रँडची नावं इथे कुणाला कळत नाहीत. मोठ्या आजारासाठी खासगी रुग्णालय आणि त्यासाठी विमा. चांगल्या सोयी लेओनमध्ये, तासाभराच्या अंतरावर. नोकरीवर असाल तर कंपनी तुमची इम्सस या सरकारी विम्यात नोंद करते. क्रमांक मागून घ्या.

१८. घरमालकीणबाईंनी विंचवाबद्दल सांगितलं. घाबरवतात की खरं आहे?

खरं आहे. जुन्या दगडी घरांत, विशेषतः उन्हाळ्यात आणि पावसाच्या तोंडावर, विंचू निघतात. पलंग भिंतीपासून हातभर दूर ठेवा, चादर जमिनीला टेकू देऊ नका, बूट झटकून घाला, अंधारात अनवाणी चालू नका.

डंख झाला तर साबणाने धुवा आणि सरळ सरकारी रुग्णालयात जा. कापणं, बांधणं, चोखणं काही नको. घशात केस अडकल्यासारखं वाटणं, लाळ सुटणं, तोंडाभोवती मुंग्या येणं ही लक्षणं दिसली तर एक मिनिट थांबू नका, लहान मूल असेल तर लक्षणांचीही वाट बघू नका. विंचवावरचं प्रतिविष मेक्सिकोतच बनतं आणि ते चांगलं काम करतं. कोकणातले वाचक विचारतात की महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रूढ केलेली प्राझोसिनची गोळी सोबत आणू का? आणू नका. कोकणातल्या लाल विंचवाचं विष हृदयावर घाला घालतं, इथल्याचं मुख्यतः मज्जासंस्थेवर. उपचार इथल्या डॉक्टरांवर सोडा.

१९. कधी यावं आणि कधी टाळावं?

ऑक्टोबरात आंतरराष्ट्रीय सेर्वान्तिनो महोत्सव असतो, १९७२ पासून. नाटक, संगीत, नृत्य यांची आवड असेल तर याच महिन्यात या. खोली मात्र काही महिने आधी घ्या. नुसतं शहर बघायचं असेल तर हाच महिना टाळा. भाडी दुप्पट-तिप्पट होतात आणि सेंत्रोत पाय ठेवायला जागा नसते.

मला विचाराल तर पाम संडेच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या रविवारच्या, आधीचा शुक्रवार, व्हिएर्नेस दे दोलोरेस. पहाटेपासून हार्दिन दे ला उनियोन या त्रिकोणी बागेत फुलांचे ढीग लागतात, लोक एकमेकांना फुलं देतात, घराघरांत दुःखी मेरीमातेची वेदी मांडतात. जुलैच्या पहिल्या सोमवारी ओय्या धरणाची दारं उघडायचा सोहळा असतो, तो पूर्ण गावचा. पर्यटक क्वचितच दिसतात. १ आणि २ नोव्हेंबरला मृतांचा सण: रस्त्यावर रंगीत भुशाचे गालिचे आणि सगळीकडे झेंडू. आपल्या दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मुळात याच देशातून जगभर गेला, आणि इथे तो पितरांच्या वाटेवर पसरतात.

२०. दोनच दिवस आहेत. काय बघू, काय सोडू?

पहिला दिवस पायी. सकाळी आल्ओन्दिगा दे ग्रानादितास: धान्याचं हे कोठार १८१० च्या सप्टेंबरात स्पेनच्या सत्तेविरुद्ध उठलेल्या बंडखोरांनी जिंकलं, आणि पुढच्या वर्षी पकडून मारलेल्या इदाल्गो, आयेंदे, आल्दामा, हिमेनेस या चौघा बंडखोर नेत्यांची मुंडकी त्याच्याच चार कोपऱ्यांना टांगली गेली. १८२१ पर्यंत ती तिथे होती. कोपऱ्यांवरचे हुक अजून दिसतात. तिथून चित्रकार दिएगो रिव्हेरा १८८६ साली जन्मला ते घर जवळच. मग विद्यापीठाच्या पांढऱ्या पायऱ्या, तेआत्रो हुआरेस (१९०३), आणि त्याच्या मागून फ्युनिक्युलरने (डोंगर चढणाऱ्या दोरीच्या गाडीने) वर, त्याच बंडातल्या पिपिला या खाणकामगाराच्या पुतळ्यापाशी, सूर्यास्ताआधी. दुसरा दिवस व्हालेन्सियानाची खाण आणि तिथलं सोन्याच्या मुलाम्याच्या वेदींचं चर्च.

ममींचं संग्रहालय गर्दीचं आणि वादाचं. १८६५ पासून, दफनाच्या जागेचा कर भरला गेला नाही म्हणून उकरून काढलेली ही साध्या माणसांची प्रेतं, कोरड्या हवेने टिकलेली. लहान मुलांना नेऊ नका. मोठ्यांनीही नाही पाहिलं तरी काही बिघडत नाही. चुंबनाची गल्ली, काय्येखोन देल बेसो, दोन मिनिटांची. तिची सर्वांत अरुंद जागा ६८ सेंटिमीटर. संध्याकाळी विद्यार्थी-गायकांच्या मागे गल्ल्यांतून फिरण्याचा काय्येखोनेआदा हा कार्यक्रम विनोदांसाठी असतो. स्पॅनिश येत नसेल तर तिकीट न काढता लांबूनच गाणी ऐका.

२१. आई-बाबा सत्तरीचे आहेत, आईचे गुडघे दुखतात. आणू का?

आणा, पण घर प्रश्न ७ मधल्या हिशेबाने निवडा: मार्फिल, किंवा पासेओ दे ला प्रेसावर दारापर्यंत टॅक्सी येणारी जागा. सेंत्रोतला तळाचा रस्ता बराचसा सपाट आहे. हार्दिन दे ला उनियोनच्या बाकावर बसून अर्धा दिवस मजेत जातो. पिपिलाला फ्युनिक्युलरनेच जा आणि फ्युनिक्युलरनेच उतरा. खाणीच्या आत नेऊ नका, पायऱ्या उंच आणि ओल्या असतात. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर उंचीबद्दल निघण्याआधी डॉक्टरांशी बोला आणि पहिला दिवस विश्रांतीचा ठेवा. चाकाच्या खुर्चीवर असलेल्या माणसासाठी मात्र जुनं गाव फार कठीण आहे. त्यांच्यासाठी केरेतारो शहर सुचवेन.

२२. अमेरिकेत एच-१बीवर आहे, पासपोर्टवरचा व्हिसा संपलाय पण आय-९४ चालू आहे. येऊन परत जाता येईल का?

इथे दोन देशांचे नियम आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. अमेरिकेच्या बाजूने, मेक्सिकोत ३० दिवसांपेक्षा जास्त न राहता, चालू आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची आणि मुक्कामाच्या मुदतीची नोंद) घेऊन, संपलेल्या व्हिसावर परत प्रवेश मिळण्याची तरतूद आहे. पण या मुक्कामात नव्या अमेरिकन व्हिसासाठी अर्ज केलात तर ती सोय जाते. मेक्सिकोच्या बाजूने मात्र सूट चालू व्हिसालाच आहे (प्रश्न २). तुमचा व्हिसा संपलेला असल्याने अमेरिकेतल्या मेक्सिकन वकिलातीतून मेक्सिकोचा व्हिसा आधी घ्यावा लागेल, नाहीतर विमान कंपनीच चढू देणार नाही. नोकरीच्या कागदांची मूळ मंजुरी सोबत ठेवा आणि निघण्याआधी कंपनीच्या वकिलाला विचारा.

२३. पर्यटक म्हणून आलो आणि इथेच नोकरी मिळाली. इथूनच परवाना बदलता येतो का?

सर्वसाधारणपणे नाही. कंपनी इथल्या स्थलांतर खात्याकडून परवानगी काढते, तुम्ही देशाबाहेरच्या मेक्सिकन वकिलातीत मुलाखत देऊन व्हिसा घेता आणि त्यावर परत येता. आल्यावर ३० दिवसांच्या आत त्या व्हिसाचं कार्डात रूपांतर करून घ्यावं लागतं. पहिलं कार्ड एक वर्षाचं असतं. मेक्सिकन नागरिकाशी किंवा रहिवाशाशी लग्न झालं असेल तर देशात राहूनच अर्ज करता येतो. हा मुख्य अपवाद. लग्नाचा दाखला भारतातला असेल तर त्यावर अपोस्टिल (परदेशात चालणारं सरकारी साक्षांकन) आणि इथल्या मान्यताप्राप्त अनुवादकाचा स्पॅनिश अनुवाद लागतो. अपोस्टिल भारतातच होतं, तेवढं निघण्याआधी उरकून या.